जुने स्पीकर घुमतात? विकण्याआधी जागा बदलून पाहा

वडिलांच्या काळातले जमिनीवर ठेवायचे मोठे स्पीकर लावले, की डग्गा नुसता घुमतो आणि गाण्याचे शब्द अस्पष्ट येतात. मग स्पीकर निकामी झाले असे समजून ते भंगारात जातात. पण अनेकदा दोष स्पीकरचा नसतो, जागेचा असतो.

असे का होते?
खर्जाच्या ध्वनिलहरी लांब असतात. ५० हर्ट्झची लहर सुमारे ७ मीटरची. ती स्पीकरच्या मागेही पसरते, भिंतीवरून परतते आणि मूळ आवाजात मिसळते. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात, त्यामुळे तिथे खर्ज सर्वाधिक फुगतो.

काय करावे?
● आधी वूफरभोवतीची फोमची कड तपासा. ती कुजली असेल तर बदलून घ्या.
● स्पीकर कोपऱ्यातून काढा. भिंतीपासून दीड-दोन फुटांवर ठेवा आणि एकच गाणे ऐकत थोडे थोडे सरकवा.
● दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधा. स्पीकर बुटका असेल तर किंचित मागे कलता ठेवा, म्हणजे ट्वीटरचा रोख कानाकडे येईल.
● शेवटी रबरी पाय लावा. खोक्याची थरथर त्यामुळे जमिनीत कमी उतरते. लाकडी जमिनीवर किंवा जवळ रेकॉर्ड प्लेअर असल्यास फरक जास्त जाणवतो.

लक्षात ठेवा
महागडे पायही कोपऱ्यातला घुमारा घालवत नाहीत. तो जागा बदलल्यानेच कमी होतो, आणि त्याला खर्च शून्य!