बहुउद्देशीय लाकूडकाम यंत्रास राउटर टेबलाची जोड

जागा अपुरी आणि भांडवल बेताचे असलेल्या कार्यशाळेत एकाच यंत्राकडून अनेक कामे करून घेणे ही सुतारकामातील जुनीच निकड आहे. अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट यांनी तयार केलेले ‘शॉपस्मिथ’ हे यंत्र १९४७ साली बाजारात आले, ते याच निकडीतून. लाकूड कापणे, कातणे, घासणे, उभे व आडवे छिद्र पाडणे ही पाच कामे त्याची एकच मोटर करते. फळीच्या कडेस गोलाई देणे, खोबण पाडणे अशी राउटरची कामेही त्यावर व्हावीत, असे कारागिरास वाटणे स्वाभाविक आहे.

राउटरचे पाते थेट यंत्राच्या दांड्यावर बसवणे हा मार्ग वरवर सोपा दिसतो. परंतु अडचण वेगाची आहे. शॉपस्मिथच्या ‘मार्क फाइव्ह’ नमुन्याचा दांडा मिनिटास सुमारे ७०० ते ५,२०० फेरे घेतो, तर लहान पात्यांना २०,००० च्या आसपास फेरे लागतात. फळी मिनिटास तीन मीटर सरकवली, तर दोन धारांच्या पात्याची प्रत्येक धार ५,२०० फेऱ्यांना सुमारे ०.२९ मिलिमीटर लाकूड काढते. २०,००० फेऱ्यांना केवळ ०.०७५ मिलिमीटर. वेग कमी असल्यास लाकूड कापले न जाता उचकटते, कड खडबडीत होते व फळी हाताला झटका देते.

म्हणून मोटर राउटरची व आधार यंत्राचा, ही विभागणी इष्ट ठरते. मूळ टेबलास छिद्र न पाडता जाड प्लायवूडचा स्वतंत्र फळा यंत्राच्या सांगाड्यावर बोल्टांनी घट्ट बसवावा. त्यातील चौकोनी खाचेत धातूची सपाट पट्टी बसवून तिच्या खाली राउटर उलटा टांगावा. पट्टी फळ्याशी तंतोतंत समपातळीत हवी. अन्यथा लाकूड कडेला अडते. फळ्यावर सरळ आडपट्टी लावून पात्याभोवती तिला खाच ठेवावी. राउटरची कळ सहज हाताशी असावी.

सुरक्षिततेचे नियम थोडे, परंतु अनुल्लंघनीय आहेत. पाते बदलताना विजेची जोडणी काढावी. फळी आडपट्टीला टेकवून उजवीकडून डावीकडे, म्हणजे पात्याच्या फिरण्याविरुद्ध सरकवावी. उलट दिशेने सरकवल्यास पाते फळी हातातून खेचून घेते. पाते व आडपट्टी यांच्या फटीतून लाकूड कधीही सरकवू नये. खोल खाच एका दमात न पाडता दोन-तीन फेऱ्यांत पाडावी. मोठ्या व्यासाच्या पात्यास वेग कमी ठेवावा. अरुंद पट्टी बोटांनी न ढकलता लाकडी दांडीने ढकलावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

जुन्या यंत्राचा नवा उपयोग करून घेताना त्याची मर्यादा ओळखणे हीच खरी काटकसर होय. नवे टेबल घेण्याचा खर्च त्यामुळे वाचतो, आणि कारागिराचे खरे भांडवल असलेली त्याची बोटेही सुरक्षित राहतात.