खर्जातली सोबत

पुतण्याचा फोन आला तो एका कॅसेटबद्दल. "काका, बाबांची चार गाणी आहेत तिच्यावर. नुसती पेटी आणि आवाज. तुम्ही खालून बेस भरून द्याल का? आईच्या पंच्याहत्तरीला ऐकवू."

दादाला जाऊन नऊ वर्षे झाली. कॅसेट १९८४ सालची. वेष्टणावर त्याच्याच अक्षरात 'काळी एक' असे लिहिलेले. मी बँकेत असताना गणेशोत्सवातल्या कर्मचाऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत असे, एवढ्या भांडवलावर 'हो' म्हणून बसलो.

घरी ध्वनिमुद्रण करणे हे आता फार खर्चाचे काम राहिलेले नाही. १९७९ साली टास्कम कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचे यंत्र काढले. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक त्यात भरता येत. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ सालचा 'नेब्रास्का' हा संग्रह अशाच यंत्रावर घरी बसून मुद्रित केला. आज चारच काय, चाळीस ट्रॅक घरातल्या संगणकावर मावतात आणि ऑडॅसिटीसारखा प्रोग्राम तर फुकट मिळतो.

तरी तीन वस्तू लागतात. पहिली ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकाला समजेल अशा आकड्यांत बदलणारी डबी. एकट्यादुकट्याला दोन इनपुटची पुरते. मात्र त्यातला एक गिटार थेट जोडता येईल असा हवा. शिवाय वाजवलेले त्याच क्षणी कानात ऐकू येण्याची सोय तिच्यात हवी. संगणकातून फिरून येणारा आवाज किंचित उशिरा येतो आणि तेवढ्यानेही हात अडखळतो. दुसरी वस्तू हेडफोन. तो कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा घ्यावा, नाहीतर त्यातला आवाज माइकमध्ये शिरतो. तिसरा माइक. दुकानदार बहुधा कंडेन्सर दाखवतो. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो फार तिखट कानाचा असतो. आपल्या घरांत त्याला कुकरची शिट्टी, भाजीवाला आणि वरच्या मजल्यावरची खुर्चीही ऐकू येते. गाणाऱ्यासाठी साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरलेला बरा. बेसला तर माइकच नको, वायर थेट डबीत. रात्री अकराला वाजवले तरी शेजारी तक्रार करीत नाहीत.

साहित्य जमले. दादाचे गाणे संगणकात उतरवून घेतले आणि त्याची एक प्रत न हात लावता बाजूला ठेवली. ही सवय बँकेतली. मूळ कागदावर खाडाखोड करायची नाही.

मग बेस सुरात लावला आणि पहिलाच स्वर वाजवला. बेसुर! बेसच्या 'ए' तारेच्या चौथ्या पडद्यावर काळी एक मिळते, सेकंदाला सुमारे ६९ कंपने. दादाचा षड्ज मात्र तिथे नव्हता. तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अगदी मधोमध बसला होता. पेटीच उतरलेली-चढलेली असेल म्हणून पुतण्याला माळ्यावरची पेटी काढायला लावली. त्याने फोनवर काळी एक दाबली. ती माझ्या बेसशी जवळजवळ जुळली.

म्हणजे चूक टेपची होती. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकायला हवी. त्या दिवशी दादाचा टेपरेकॉर्डर थोडा संथ चालला असणार. त्यामुळे नीट चालणाऱ्या यंत्रावर गाणे पुढे पळत होते आणि आवाज चढत होता. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के. इथे त्याच्या निम्मा होता. मी गाणे तीन टक्के संथ केले. चार मिनिटांचे गाणे सात सेकंदांनी लांबले.

आणि हेडफोनमध्ये दादा आला. इतकी वर्षे कॅसेट ऐकताना त्याचा आवाज थोडा पातळ वाटायचा. जुनी फीत, असे म्हणून आम्ही सोडून देत होतो. तो भारदस्त खालचा स्वर, जेवायला हाक मारताना यायचा तोच, आत्ता पुन्हा ऐकू आला. मी बराच वेळ बेस मांडीवर घेऊन नुसता बसून राहिलो.

त्यानंतर वाजवायला घेतले, तर ऑर्केस्ट्रातली जुनी खोड उफाळली. दर मात्रेला स्वर, मध्ये मध्ये धावपळ. ऐकून पाहिले, तर भाऊ गातोय आणि धाकटा मध्ये मध्ये बोलतोय! सगळे पुसले. गाणे दादऱ्यातले होते. समेवर षड्ज, चौथ्या मात्रेवर हलका पंचम, एवढेच ठेवले. दादा ठेक्याच्या यंत्राबरोबर गात नव्हता. ओळ संपताना तो रेंगाळे. तिथे मोजणे सोडून त्याचा श्वास ऐकायचा आणि तो समेवर आला की आपण यायचे. अंतऱ्याच्या पहिल्या ओळीला बेस मुळी वाजवलाच नाही. तो परत आला की मगच कळते, आधार कुठे होता. (तबला असेल तर डग्ग्याची जागा त्याला सोडावी; दोघे एकाच तळघरात राहतात.)

शेवटी मोबाइलवर ऐकून पाहिले. छोट्या स्पीकरला इतका खालचा स्वर पेलत नाही. वरचे उपस्वर थोडे उचलले की कान उरलेले आपण भरून घेतो.

पंच्याहत्तरीला गाणे लावले. बेसबद्दल कोणी काही बोलले नाही. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर एवढेच म्हणाल्या, "भावोजी, आज हे बरोबर गायले."