जुन्या हिशेबाचा संगणक नव्या घरी नेताना

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील पेढ्यांतून कीर्द-खतावणी आता संगणकावर लिहिली जाते. तथापि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वीचे ज्यांचे हिशेब विंडोज एक्सपीवरील जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते ‘व्हर्च्युअल मशीन’चा आश्रय घेतात. व्हर्च्युअल मशीन म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभारलेला आभासी संगणक होय. भागीदारीचा तंटा, कुटुंबातील वाटणी, जुनी येणी अशा प्रसंगी हेच हिशेब साक्षीदार ठरतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी घेतली व डिसेंबरात कायमचे परवाने विकणे थांबविले. तेव्हापासून अनेकांनी हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स अशा अन्य व्यवस्थांची वाट धरली आहे. मात्र स्थलांतरानंतर यंत्र सुरू करताच पुष्कळदा निळा पडदा येतो व शेवटी ‘७बी’ असलेला सांकेतिक आकडा दिसतो. व्यापारी घाबरतो, हिशेब बुडाले असे त्यास वाटते.

वस्तुतः हिशेब बहुधा शाबूत असतात. जुन्या एक्सपीला आपल्या डिस्कच्या जोडणीचाच प्रकार ठाऊक असतो. नव्या घरी ती जोडणी बदलली की त्यास डिस्कच सापडत नाही. वखार तीच, परंतु कुलूप बदललेले! अशा वेळी डिस्क प्रथम ‘आयडीई’ प्रकाराने जोडून पाहावी. तरीही न जमल्यास मूळ यंत्र सुरू करून त्यात आवश्यक ड्रायव्हर घालावा व मग पुन्हा नक्कल करावी.

नक्कल करण्यापूर्वी जुने स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये विलीन करावेत, व्हीएमवेअर टूल्स काढून टाकावे व यंत्र रीतसर बंद करावे. मूळ यंत्र बायोस पद्धतीचे असेल तर नवेही त्याच पद्धतीचे निवडावे. नेटवर्क कार्ड नवे भासत असल्याने त्याचा पत्ता पुन्हा भरावा लागतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवानाही अडण्याचा संभव असतो. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली असल्याने ते इंटरनेटला जोडू नये.

यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. दोन्ही ठिकाणची तेरीज काढून पै-पैशाने ताडून पाहावी. ती जुळेपर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, मूळ प्रत पुसू नये, एवढीच सभासद बंधू-भगिनींस विनंती आहे.