शरीराचें सैन्य आणि कर्करोग

जुन्नर-आंबेगांव भागांतील एखाद्या शेतकऱ्याच्या गालांत, तंबाखू धरण्याच्या जागीं, जखम होते. महिना लोटला तरी ती भरत नाहीं. दुखत नाहीं म्हणून तिकडे दुर्लक्ष होतें, आणि मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयांत जाईपर्यंत रोग मानेच्या गांठींत उतरलेला असतो. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली, तर अशा रुग्णास कोणता उपाय उरतो?

रक्तांतील पांढऱ्या पेशी हें शरीराचें सैन्य होय. बिघडलेली पेशी ओळखून तिचा नाश करणें हें त्यांचें काम. मात्र त्यांनीं निरोगी पेशींवर घाला घालूं नये म्हणून 'थांब' अशी एक खूण निसर्गानें योजिली आहे. धूर्त कर्कपेशी नेमकी हीच खूण दाखवून सैनिकास थोपविते. नवें औषध कर्कपेशीस विष देत नाहीं. तें ही खूण सैनिकापर्यंत पोंचूं देत नाहीं. या उपचाराचा पाया घालणाऱ्या शोधांबद्दल अमेरिकेचे ॲलिसन व जपानचे होंजो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु मोकळें सुटलेलें सैन्य कधीं फुप्फुसावर, कधीं आंतड्यावरच उलटतें. पुष्कळांस गुण येतहि नाहीं. त्यांतून किंमत अशी कीं, टमाट्याच्या दोन-चार हंगामांची मिळकत ओतूनहि ती भागूं नये. मग जमिनीवर पाळी येते.

म्हणून टाटा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं मात्राच कमी करून पाहिली. डोक्याच्या व मानेच्या असाध्य कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. तोंडानें घ्यावयाचीं स्वस्त औषधें दोघांसहि दिलीं; एका गटास शिवाय निव्होलुमॅब हें नवें औषध दर तीन आठवड्यांनीं अवघें २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमींच्या मात्रेच्या दशांशाहूनहि कमी, टोंचलें. २०२२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर जिवंत राहणाऱ्यांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा १६ होतें, तें दुसऱ्यांत ४३ झालें.

रक्ताच्या कांहीं कर्करोगांवर रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, त्यांस शत्रूची ओळख शिकवून, पुन्हां शरीरांत सोडतात. पवईची आय. आय. टी. व टाटा रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून निघालेल्या अशा देशी उपचारास २०२३ सालीं मान्यता मिळाली. परदेशांत त्यास कोट्यवधि रुपये पडतात. येथें तो लाखांत होतो. तरीहि तो सामान्य कुटुंबाच्या आवांक्यांत आलेला नाहीं.

आणि ४३ जगले याचा दुसरा अर्थ असा कीं, ५७ जणांस वर्ष पुरें करतां आलें नाहीं. तेव्हां तंबाखू व मिसरी सोडणें, आणि तोंडांतील व्रण तीन आठवड्यांत भरला नाहीं तर विलंब न लावतां डॉक्टरांस दाखविणें, हें बिनमोलाचें औषध आजहि सर्वांत गुणकारी आहे.