चिपची बाराखडी – भाग ६ : लॅपटॉप नसेल तर फोन घ्या

गेल्या भागात आपण अर्डुइनो उनोच्या पिना एकेक करून ओळखून घेतल्या. त्यानंतर वाचकांची जी पत्रं आली, त्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा होता : बोर्ड घेतला, पण घरात कॉम्प्युटर नाही, आता प्रोग्रॅम कसा चढवायचा? विचारणाऱ्यांत बरीचशी शाळेतली मुलं होती. शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथे लॅपटॉपही आहेत, पण आठवड्यातून एकदाच तास मिळतो आणि त्यातही एका लॅपटॉपभोवती सहाजण. घरी मात्र कोणाचा तरी अँड्रॉइड फोन असतोच.

म्हणून ठरलेला विषय पुढे ढकलून हा भाग फोनला देतो. उनोच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी जागा असते ३२ किलोबाइट. तुमच्या फोनमधला एखादा फोटो याच्या शंभरपट मोठा असतो. एवढ्या छोट्या चिपसाठी प्रोग्रॅम तयार करणं फोनला जड जाण्याचं काहीच कारण नाही. अडचण असते ती जोडणीची. ती नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं आहे.

एरवी फोन कॉम्प्युटरला जोडला की कॉम्प्युटर यजमान असतो आणि फोन पाहुणा. इथे फोनला यजमान व्हायचं असतं. ही सोय म्हणजेच ओटीजी. जुन्या मायक्रो यूएसबीच्या फोनमध्ये ती कशी चालते ते पाहा. मायक्रो यूएसबीच्या प्लगमध्ये पाच संपर्क असतात : दोन वीजपुरवठ्याचे, दोन माहितीचे आणि एक ओळखीचा. साध्या केबलमध्ये हा ओळखीचा संपर्क मोकळा सोडलेला असतो. ओटीजी केबलमध्ये तो ग्राउंडला जोडलेला असतो. फोनला तिथे ग्राउंड दिसलं की तो समजतो, आता यजमान आपण, वीजही आपणच द्यायची. ओटीजी केबलमध्ये वेगळं असतं ते एवढंच.

टाइप-सी मध्ये हेच काम ५.१ किलोओहमचे रोध करतात. ते बोर्डाच्या बाजूला असावे लागतात. बाजारात टाइप-सी सॉकेट लावलेले स्वस्त अर्डुइनो नॅनो बोर्ड मिळतात. त्यांतल्या काहींवर हे दोन रोध बसवलेलेच नसतात. अशा बोर्डाला दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली तर फोनला समोर काही जोडलंय हेच कळत नाही, बोर्डाचा दिवासुद्धा लागत नाही. लोक बोर्ड मेला असं समजून फेकून देतात. फेकू नका. फोनला छोटा ओटीजी अडॅप्टर लावा आणि त्यात नेहमीची चपटी यूएसबी केबल खोचा, बोर्ड लगेच जागा होतो. केबल घेतानाही नीट विचारून घ्या. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात. तिच्यावर बोर्डाचा दिवा लागतो, पण प्रोग्रॅम काही केल्या जात नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ अशा केबलपायी गेली आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि वापर नसला तर ते थोड्या वेळानं आपोआप बंदही होतं.

आता ॲप. अर्डुइनोड्रॉइड नावाचं ॲप आहे, त्यात प्रोग्रॅम लिहिता येतो, तो तिथेच, इंटरनेटशिवाय, चिपच्या भाषेत उतरवता येतो आणि केबलवरून बोर्डात पाठवता येतो. पहिल्यांदा उघडलं की ते आपलं सामान फोनमध्ये मांडून घेतं. त्याला जागा बरीच लागते, आधी मोकळी करून ठेवा. कॉम्प्युटरवर, सीएच३४० ही यूएसबीची चिप असलेल्या बोर्डासाठी कधी कधी ड्रायव्हर शोधत बसावं लागतं. फोनवर ती कटकट नाही. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ३.१ पासून ॲपला यूएसबी उपकरणाशी थेट बोलता येतं, त्यामुळे त्या चिपशी कसं बोलायचं हे ज्ञान ॲपच्या पोटातच असतं. फोन फक्त परवानगी विचारतो. ती द्या.

ॲपमधल्या उदाहरणांत ब्लिंक उघडा. बोर्डावरचा, १३ नंबरच्या पिनेला जोडलेला छोटा दिवा एक सेकंद लावायचा, एक सेकंद विझवायचा, एवढंच त्यात आहे. कंपाइलचं बटण दाबलं की हा मजकूर चिपच्या भाषेत उतरतो. फोनचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, चिप वेगळ्या जातीची. तरी फोन तिच्यासाठी तिच्याच आज्ञा लिहून देतो. निघालेली फाइल म्हणजे हेक्स फाइल. ती उघडून जरूर पाहा. प्रत्येक ओळ अपूर्णविरामानं सुरू होते आणि ओळीच्या शेवटी पडताळ्याचा आकडा असतो. ओळीतल्या सगळ्या बाइटांची त्या आकड्यासकट बेरीज केली की तिचे शेवटचे आठ बिट शून्य यायला हवेत. शेवटची ओळ कुठल्याही प्रोग्रॅमची असो, सारखीच : सात शून्यं, एक आणि दोनदा एफ. एफएफ म्हणजे २५५, त्यात १ मिळवला की २५६, म्हणजे शेवटचे आठ बिट शून्य. हिशोब जुळला. पाटीवर करून बघण्यासारखं हे गणित आहे. एखादा बिट जरी वाटेत उलटला तरी ते जुळत नाही.

मग अपलोड दाबा आणि बोर्डाकडे नीट बघा. पुढच्या दोन-तीन सेकंदांत जे घडतं, ते मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. फोन आधी डीटीआर नावाची एक तार खाली ओढतो, म्हणजे तिचं व्होल्टेज उतरवतो. ती तार आणि चिपची रिसेट पिन यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तार खाली गेली की त्या कपॅसिटरमुळे रिसेटला क्षणभर झटका बसतो आणि चिप नव्यानं सुरू होते. जागी होताच ती आधी बूटलोडर चालवते. हा ५१२ बाइटांचा छोटा प्रोग्रॅम चिपच्या स्मृतीच्या अगदी शेवटच्या टोकाला बसलेला असतो. तो सुमारे सेकंदभर कान देऊन थांबतो. तेवढ्यात फोननं हाक मारायची. हाक ऐकू आली तर तो ओ देतो, नाही आली तर जुना प्रोग्रॅम पुन्हा सुरू करतो.

ओ मिळाली की फोन चिपची ओळख विचारतो. उनोवरच्या चिपचं उत्तर ठरलेलं आहे, १ई ९५ ०एफ. ओळख पटली की प्रोग्रॅम १२८ बाइटांच्या पानांनी जायला लागतो. ब्लिंकला अशी आठेक पानं पुरतात. बोर्डावरचे टीएक्स-आरएक्सचे दिवे लुकलुकतात ते याच वेळी. दर पान लिहून झालं की पोच मिळते, मग पुढचं पान. शेवटी चिप पुन्हा सुरू होते आणि आपला दिवा उघडझाप करायला लागतो.

हे माहीत असलं की चुकाही ओळखता येतात. जुळणी होत नाही अशा अर्थाचा संदेश आला, तर बहुतेक वेळा फोन आणि बूटलोडर वेगवेगळ्या वेगानं बोलत असतात. उनो १,१५,२०० या वेगानं बोलतो, पण जुना बूटलोडर असलेले नॅनो ५७,६०० नं. अशा नॅनोसाठी ॲपमध्ये बोर्ड निवडताना जुन्या बूटलोडरचा पर्याय घ्या.

लिहिताना त्रास देतो तो फोनचा कीबोर्ड. वाक्याचं पहिलं अक्षर तो स्वतःहून मोठं करतो, आणि सी भाषेत लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. ‘व्हॉइड’चा व्ही मोठा झाला की प्रोग्रॅम अडलाच. ही सवय कीबोर्डच्या सेटिंगमध्ये बंद करून टाका. महिरपी कंस दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लपलेले असतात, त्यांची जागा एकदा हातात बसू द्या.

विजेचं मात्र भान हवं. यूएसबी २ च्या नियमानं जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर घेता येतात, पण फोन पुष्कळदा तेवढे देत नाहीत. दिवे, बटणं, तापमानाचा सेन्सर एवढं चालतं. सर्व्हो मोटर फोनवर चालवू नका. तिला वेगळे सेल द्या आणि दोन्हीकडचं ग्राउंड एकत्र जोडा. तारा जोडताना केबल काढून ठेवा, हा नियम तर कायमचाच.

बाकीचे बोर्ड थोडक्यात. रास्पबेरी पाय पिको हा २०२१ चा बोर्ड. बूटसेल बटण दाबून धरून जोडला की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो, फाइल त्यात कॉपी केली की झालं. मायक्रोबिटला केबलही नको, तो ब्लूटूथवरून प्रोग्रॅम घेतो. आयफोन असलेल्यांना मी तोच सुचवीन, कारण अर्डुइनोवरच्या यूएसबीच्या चिपशी थेट बोलायची मुभा आयफोन ॲपला देत नाही.

मोठ्या प्रकल्पासाठी, पाच-सात फाइलींच्या कामासाठी मोठा पडदा आणि खरा कीबोर्ड हवाच. पण या लेखमालेतला पुढचा प्रत्येक प्रयोग फोनवर होईल, तशीच त्याची मांडणी मी करणार आहे. घरातल्या मोठ्यांना विनंती आहे, रोज संध्याकाळी अर्धा तास मुलांना फोन या कामासाठी द्या.

या आठवड्यात ब्लिंकमधले एका सेकंदाचे १००० हे दोन्ही आकडे आधी २०० करून पाहा, मग एक २०० आणि दुसरा १८०० करा. पुढच्या भागात बोर्डाला बटण जोडायचं आहे. त्यासाठी एक पुश बटण, १० किलोओहमचा एक रोध, ब्रेडबोर्ड आणि चार जंपर तारा आणून ठेवा.