‘रक्तपित्त’ नव्हे, ‘पित्तमार्गरक्तस्राव’

परकीय संज्ञेच्या घटकशब्दांचे भाषांतर केले म्हणजे संज्ञेचे भाषांतर झाले, असा समज पुष्कळदा आढळतो. तो किती घातक ठरू शकतो, हे शल्यचिकित्सेतील एका संज्ञेवरून दिसून येईल. प्रथम त्या संज्ञेमागील वस्तुस्थिती पाहू.

सायकलवरून पडताना हँडलचे टोक मुलाच्या पोटावर आदळते. मुलांच्या बरगड्या लवचीक असल्यामुळे त्या न मोडताही आघाताचा जोर यकृतापर्यंत पोचतो. त्वचेवर खूण असतेच असे नाही. यकृतातील एखादी धमनी फाटल्यास बाहेर आलेले रक्त सभोवतालच्या ऊतींनी अडविले जाते व त्याची पिशवी बनते. हा ‘मिथ्या धमनीविस्फार’ होय. खऱ्या विस्फाराच्या भित्तीत असणारे धमनीचे तीन स्तर येथे नसतात, म्हणून तो मिथ्या. ही दुबळी पिशवी काही दिवसांनी, प्रसंगी काही आठवड्यांनी, लगतच्या पित्तनलिकेत फुटली, तर रक्त पित्ताच्या वाटेने आतड्यात उतरते.

अशा रक्तस्रावाचे वर्णन ग्लिसन याने १६५४ मध्ये केले होते. पोटातील कळ, कावीळ व अन्नमार्गातील रक्तस्राव ही लक्षणत्रयी १८७१ मध्ये क्विंके याने नोंदविली. तीनही लक्षणे प्रत्येक रुग्णात एकत्र आढळत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. स्वीडिश शल्यविशारद सँडब्लोम यांनी १९४८ मध्ये या विकारास ‘हीमोबिलिया’ हे नाव दिले. त्यातील पहिले पद ग्रीक, अर्थ ‘रक्त’. दुसरे लॅटिन, अर्थ ‘पित्त’.

येथेच भाषांतरकार फसण्याचा संभव आहे. ‘रक्तपित्त’ हा शब्द आयुर्वेदात पूर्वीच रूढ असून, नाक, मुख इत्यादी मार्गांनी रक्त जाण्याच्या एका स्वतंत्र रोगाचे ते नाव आहे. शिवाय मराठीत ‘रक्तपिती’ म्हणजे महारोग. म्हणून ‘पित्तमार्गरक्तस्राव’ हीच संज्ञा इष्ट. तीत रक्तस्रावाचे स्थान स्पष्ट होते.

‘विलंबित उपद्रव’ हा शब्दप्रयोगही असाच तपासावयास हवा. विलंब असतो तो लक्षणे प्रकट होण्यात. विकृती आघातापासूनच आत वाढत असू शकते. मधल्या काळात मूल खेळते, जेवते, आणि ते बरे झाले असे घरच्यांस वाटते. यकृताच्या अशा दुखापतीत मुलाची प्रकृती स्थिर असल्यास आज बहुधा शस्त्रक्रिया टाळली जाते. त्यामुळे पुढील रक्तस्राव घरीच सुरू होण्याचा संभव असतो. वेळीच निदान झाल्यास धमनीत बारीक नळी घालून फाटलेली जागा आतून बंद करता येते.

यास्तव पाठ्यग्रंथात संज्ञा असावी, परंतु पालकांच्या हाती द्यावयाच्या कागदावर साधे वाक्य असावे: ‘शी डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा उजव्या बरगडीखाली कळ आली, तर मुलाला ताबडतोब रुग्णालयात आणा, आणि पूर्वी पोटाला मार लागला होता, हे न विसरता सांगा.’ यातील शेवटचे उपवाक्य सर्वांत महत्त्वाचे होय. कारण ते सांगितले गेले नाही, तर त्या जुन्या आघाताचा संबंध डॉक्टरांच्याही ध्यानात येणे कठीण.