नवविवाहित दाम्पत्य आणि ताणाचे संयुक्त समायोजन

प्रस्तावना :
होम्स व राहे यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या सामाजिक पुनर्समायोजन मापनश्रेणीतील ४३ जीवनघटनांत जोडीदाराच्या मृत्यूस १००, तर विवाहास ५० गुण आहेत. म्हणजेच विवाह ही आनंददायी असली तरी समायोजनाची कसोटी पाहणारी घटना होय. त्यातच नोकरी गेली वा आप्ताचा मृत्यू झाला, तर ताण दुणावतो.

विवेचन :
नेफ व कार्नी यांच्या २००४ मधील अभ्यासानुसार बाह्य ताणाच्या काळात नवविवाहित व्यक्ती आपल्या नात्याकडे अधिक नकारात्मक दृष्टीने पाहतात. दोष परिस्थितीचा असतो, पण तो जोडीदाराच्या स्वभावाचा वाटू लागतो. स्विस मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान यांनी ताणाला तोंड देणे ही उभयतांची प्रक्रिया मानली. एकाने ताण व्यक्त करणे, दुसऱ्याने आधार देणे आणि दोघांनी मिळून मार्ग काढणे, ही तिची अंगे होत. उपहासाने वा नाइलाजाने दिलेला आधार मात्र नकारात्मक समायोजनात मोडतो.

निष्कर्ष :
ताण टाळणे दाम्पत्याच्या हाती नसते. तो ‘तुझा’ की ‘आपला’, हे ठरविणे मात्र असते. विवाहपूर्व समुपदेशनात या कौशल्याचा समावेश होणे आवश्यक आहे.